त्र्याऐंशी क्रमांकाची प्रत

वहिनीने मोजपट्टी काढून दे म्हटलं नसतं, तर ते पाकीट तिला कधीच दिसलं नसतं. रविवारची दुपार. जेवणं आटोपली होती, दादा आतल्या खोलीत आडवा झाला होता आणि वहिनी पडद्याचं कापड मांडीवर घेऊन बसली होती. तोंडात दोन टाचण्या होत्या, म्हणून तिने हनुवटीनेच कपाटाकडे खूण केली आणि ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली, "वरच्या खणात, डब्याच्या मागे. तुझा हात पुरेल." हात पुरला. डबा बाजूला सरकवताना बोटांना जाड, खरबरीत पुठ्ठा लागला, आणि तो कशाचा आहे हे डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. तिने पाकीट दोन बोटं बाहेर ओढलं. करडा रंग, वर काहीच छापलेलं नाही, फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यात निळसर शाईने, तिरक्या बायकी अक्षरात आकडा. त्र्याऐंशी. त्याखाली रेघ, रेघेखाली दोनशे.

"सापडली का गं?"

"हो." तिने पाकीट होतं तसं आत ढकललं, पट्टी वहिनीच्या हातात दिली आणि समोर बसली. वहिनीने टाचण्या काढून तिच्याकडे पाहिलं. "तोंड का असं झालं तुझं?" ती म्हणाली, जेवण जरा जास्त झालं. वहिनीला ते पटलं असावं, किंवा पटल्यासारखं तिने दाखवलं. दुसरी शक्यता मनात आली तेव्हाच तिला कळलं की आता सुरुवात झाली.

कारण त्र्याऐंशी क्रमांकाची प्रत तिच्या स्वतःच्या घरी होती. तिच्या खोलीत, भिंतीला टेकून, उन्हाच्या वाटेपासून दूर, सहा वर्षांपासून. त्या रेकॉर्डच्या दोनशेच प्रती निघाल्या होत्या, प्रत्येकीवर एकेक आकडा, तोही वाजवणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने घातलेला. एका आकड्याच्या दोन प्रती असूच शकत नव्हत्या.

ती आणि दादा कॉलेजात असताना एकदा रेडिओवर चेलोचा एक तुकडा लागला होता. निवेदकाने सांगितलं ते एवढंच: एका म्हाताऱ्या बाईने आयुष्यात एकदाच ध्वनिमुद्रण केलं, तेही एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत बसून. प्रत्येक सूर भिंतीला लागून परत यायचा आणि पुढच्या सुरात मिसळायचा, एकटी बाई वाजवत असून दुसरं कुणी तिला अडखळत साथ देत असल्यासारखा. दादाने धावत जाऊन टेपचं बटण दाबलं होतं, त्यामुळे सुरुवात गेली आणि उरलेली चार मिनिटं मिळाली. ती चार मिनिटं दोघांनी इतकी वाजवली की शेवटी फीत चुरगळली. मग शोध सुरू झाला. आधी दोघांचा मिळून, आणि मग, नक्की कधी ते तिला आठवत नाही, दोघांचा वेगवेगळा.

नऊ वर्षं. लोकांना वाटतं की अशा वस्तूची किंमत म्हणजे विकणारा सांगतो तो आकडा. तिने दाढेवर कॅप बसवायची पुढे ढकलली ती कायमचीच, आणि आजही ती डाव्या बाजूने चावते, हे त्या किमतीत कुठे धरायचं? एकदा परदेशातून पार्सल आलं, उघडलं तर आत दुसरीच रेकॉर्ड, तीही मधोमध तडकलेली. विकणाऱ्याचं पत्र आलं की पाठवताना चांगली होती, तुमच्याकडेच काहीतरी झालं असणार. एकदा एका माणसाने फोनवर प्रत असल्याचं सांगितलं. ती सुट्टी काढून, रात्रभराचा प्रवास करून गेली, तर त्याने दार अर्धवट उघडून सांगितलं की कालच दिली, तुमच्याआधी एकजण आला. एकजण कोण? माणूस खांदे उडवून आत गेला. परतीच्या प्रवासात खिडकीला डोकं टेकवून ती त्या एकजणाचा चेहरा जुळवत राहिली, आणि तो पुन्हापुन्हा दादासारखा व्हायला लागला. सगळ्यात वाईट म्हणजे ती एका ओळखीच्या संग्राहकाच्या घरी तो वारल्यावर भेटायला गेली तो दिवस. त्याची बायको तिचा हात हातात धरून शेवटच्या आठवड्याबद्दल सांगत होती आणि ही मान हलवत तिच्या खांद्यावरून मागच्या फळीवरची पाकिटं वाचत होती. बाईने मध्येच बोलणं थांबवून मागे वळून पाहिलं. आणि हात सोडला.

आणि मग एके दिवशी घड्याळवाल्याचा फोन आला. त्याचं दुकान घड्याळं दुरुस्त करण्याचं, पण मागच्या खोलीत जुन्या रेकॉर्ड असायच्या आणि दुर्मिळ काही आलं की तो मोजक्या चौघांना कळवायचा. "आलीये तुमची. एकच आहे. तुमच्या भावालाही सांगू का?" फोनवर पाच-सहा सेकंद गेले असतील. ती म्हणाली, "नको, मी सांगते." आणि सांगितलं नाही. तीन महिन्यांचा पगार देऊन प्रत आणली. महिन्याभराने दादा घरी आला तेव्हा ती भिंतीशी ठेवलेली त्याला दिसली. तो त्या पाकिटाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "छान झालं." तिने त्याला ऐकवली. एकदाच. पाकिटातून काढली तिने, ठेवली तिने, उलटली तिने. दादाने हात पुढे केला होता, तो तिला दिसला नाही असं तिने केलं.

हे सगळं तिला आता दादाच्या घरून परतताना, बसच्या दांड्याला धरून उभी असताना आठवत होतं, आणि आठवणारी प्रत्येक गोष्ट दादाच्या विरुद्ध साक्ष देत होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, ती तीन आठवडे दादाकडे होती. तेव्हा तिच्या घराची किल्ली कुणाकडे होती? दादाकडे. झाडांना पाणी घालायला रोज कोण जायचं? दादा. ती बरी होऊन घरी गेल्यावरसुद्धा किल्ली त्याच्याकडेच राहिली होती, वर्षभर. मग एकदा कामावरून आल्यावर तिला वाटलं होतं की घरात कुणीतरी येऊन गेलंय. काही हललं नव्हतं, पण फळीवरची पाकिटं नेहमी डावीकडे कलतात ती सरळ उभी होती. तिने करडं पाकीट काढून बघितलं होतं, आकडा जागेवर, रेकॉर्ड जागेवर. तरीही दुसऱ्या दिवशी, कुलूप बदलायचंय असं काहीतरी सांगून, तिने किल्ली परत मागितली होती. कुलूप बदललं नव्हतं. दादानेही नवीन किल्ली मागितली नाही. आणि त्यानंतर तो तिच्या घरी येईनासा झाला. रविवारी तिनेच जायचं, जेवायचं, यायचं. हे तिने किती सहज मान्य केलं होतं!

घरी पोहोचल्यावर तिने दिवा खिडकीजवळ ओढला, हात धुऊन कोरडे केले आणि पाकीट टेबलावर आडवं ठेवलं. वर्षातून एकदाच ती ही रेकॉर्ड वाजवायची, ती मिळाली त्या तारखेला. सुईने झिजते म्हणून. बाकीचे दिवस नुसतं असणं पुरायचं. आता तिने भिंग घेतलं. आकडा तोच, अक्षर तेच, आठच्या पोटाला त्या बाईची सवयीची गाठ. मग भिंग जरासं डावीकडे सरकलं आणि तिथे, आकड्याच्या अगदी आधी, पुठ्ठ्याचे तंतू उभे राहिलेले दिसले. नखाएवढ्या जागेत. कुणीतरी काहीतरी खरवडून काढलं होतं, आणि मग ती जागा नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घासून बसवली होती, फार निगुतीने.

दादा नकाशे काढणारा. संगणक यायच्या आधी, तेलकट पारदर्शक कागदावर शाईची चुकलेली रेघ दाढीच्या ब्लेडच्या कोपऱ्याने खरवडून काढायची आणि वरून नख फिरवायचं, हे त्याच्या हाताचं काम होतं. तिने कितीदा शेजारी बसून, श्वास रोखून पाहिलं होतं. चूक होती हेसुद्धा कळायचं नाही.

सोमवारी इस्पितळात तिचं लक्ष नव्हतं. तिचं काम लोकांचे कान तपासण्याचं. बंद खोलीत माणसाला कानांवर हेडफोन लावून बसवायचं, काचेच्या अलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. एक म्हातारे गृहस्थ आवाज नसतानाही दाबत होते. एरवी तिला अशा माणसांची कणव यायची. आज तिने माइकवरून, हवं त्याहून कडक आवाजात, सांगितलं, "ऐकू आलं तरच दाबा." गृहस्थांनी काचेपलीकडून ओशाळून मान हलवली आणि त्यानंतर ऐकू आलं तेव्हाही दाबलं नसावं. तक्ता पुन्हा काढावा लागला.

संध्याकाळी ती घड्याळवाल्याकडे गेली. त्याने डोळ्याला भिंग चढवलं आणि पाकीट दिव्याखाली तिरकं केलं. मागे पंधरा-वीस घड्याळं आपापल्या वेळा दाखवत चालली होती.

"इथे आधी एक आकडा होता," तो म्हणाला. "एक असावा. उभी रेघ आहे. म्हणजे एकशे त्र्याऐंशी."

"तुम्ही मला एकशे त्र्याऐंशी विकलीत?"

त्याने भिंग काढलं. "बाई, मी तुम्हाला त्र्याऐंशी विकली. मी दिली तेव्हा हे खरवडलेलं नव्हतं."

"तुम्ही दुसरं काय म्हणणार?"

ते तोंडातून गेलं आणि तिने परत घेतलं नाही. पहिल्या शंभर प्रतींना जास्त किंमत होती, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. साचा नवा असतो, सूर कोरीव उमटतात, शंभरानंतर कडा बोथट होत जातात. म्हणजे एकशे त्र्याऐंशीची त्र्याऐंशी करण्यात फायदा त्याचाच. पण मग दादाच्या कपाटातली? ती कुठली? घड्याळवाला पाकीट तिच्याकडे सरकवत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या भावाने दोन वर्षांपूर्वी त्याचं सगळं माझ्याकडे आणून विकलं. रेकॉर्ड, प्लेअर, स्पीकर, सगळं. घासाघीससुद्धा केली नाही. मी म्हटलं, अहो एवढी वर्षं जमवलंत. म्हणाले, एक गोष्ट घ्यायचीये. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

तिला माहीत नव्हतं. दादाच्या फळीवर आता वहिनीच्या शिवणाच्या पिशव्या होत्या, हे तिला दिसत होतं दर रविवारी, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिला वाटलं होतं, त्याचा नाद सुटला. थोडं बरंही वाटलं होतं. पण आता सगळं एका सरळ रेषेत आलं. दादाने सगळं विकून एकशे त्र्याऐंशी घेतली, ब्लेडने एक आकडा उडवला, किल्लीने तिचं दार उघडलं, आणि बोथट सुरांची प्रत ठेवून कोरीव सुरांची घेऊन गेला. तिने त्याच्यापासून लपवून घेतली होती ना, मग त्याने तिच्यापासून लपवून नेली. हिशेब पुरा. आणि वर दर रविवारी तिला आग्रह करकरून वाढत होता. ती दुकानातून बाहेर पडली तेव्हा तिचं डोकं लखलखीत चालत होतं. संशय खरा ठरताना एक आनंद होतो, त्याची तिला लाज वाटली नाही, अजून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने दादाची बेल वाजवली. वहिनी म्हणाली, "अगं, आज कशी वाट चुकलीस?" ती सरळ कपाटाकडे गेली. डबा बाजूला केला, पाकीट काढलं. दादा चहाचा कप हातात घेऊन दारात उभा होता. तो "काढू नकोस" म्हणाला, पण इतक्या हळू की ते तिला सांगितलंय की स्वतःला, कळलं नाही. तिने रेकॉर्ड बाहेर ओढली आणि दिव्याकडे धरली.

बाहेरच्या कडेपासून मधल्या गोल कागदापर्यंत एक पांढरी रेघ गेली होती. ओरखडा नव्हे, चर. बोट फिरवलं असतं तर अडकलं असतं.

वहिनीने दादाच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाली, "सांगा आता. किती वर्षं पोटात ठेवणार?"

"तू इथे होतीस," दादा म्हणाला. "ऑपरेशननंतर. मी पाणी घालायला जायचो. एकवीस दिवस रोज ती समोर दिसायची. शेवटी एका दिवशी लावली. पहिली बाजू पूर्ण ऐकली, सुरुवातीपासून. आपल्या टेपवर सुरुवात नव्हती ना." तो थांबला. "दुसरी बाजू लावली, आणि तुझी बेल वाजली. कुणीतरी चुकून दुसऱ्याचं पत्र घेऊन आलं होतं. पण मी असा दचकलो की... घाईने सुई उचलायला गेलो, बाही अडकली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला?" दादा म्हणाला.

त्या एका शब्दात राग नव्हता.

"सांगायचंच ठरवून आलो होतो," तो पुढे म्हणाला. "तू उशीला टेकून बसली होतीस. तोंड एवढंसं झालेलं. मी आत पाऊल टाकलं आणि तू पहिलं काय विचारलंस, आठवतं? रेकॉर्डना हात नाही ना लावलास? मी नाही म्हटलं. मग ते तसंच पुढे गेलं. तू वर्षातून एकदाच वाजवतेस हे ठाऊक होतं. हातात अकरा महिने होते. दहाव्या महिन्यात मिळाली. दोन मिळत होत्या खरं तर. सत्तेचाळीस नंबरची पुष्कळ स्वस्त होती, एकशे त्र्याऐंशीवाला दुप्पट मागत होता. त्याला कळलं होतं, मला तीच हवीय."

"मग स्वस्तातली का नाही घेतलीस?"

"सत्तेचाळीसची त्र्याऐंशी कशी करणार गं?"

वहिनीला हसू आलं आणि लगेच तिने तोंडाला पदर लावला, कारण हसू दुसरीकडेच वळायला लागलं होतं. ती मात्र रेकॉर्ड हातात धरून तशीच उभी राहिली. मागच्या वर्षी, त्या ठरलेल्या तारखेला, ऐकून झाल्यावर तिने दादाला मुद्दाम फोन केला होता. म्हणाली होती, पहिल्या शंभरातली असल्याचा फरक कळतो रे, ती टाकीच्या भिंतीवरून परत येणारी, रेंगाळणारी सुरांची आस शंभरानंतरच्या प्रतीत अशी ऐकूच येणार नाही. आणि दादा फोनवर नुसतं "हं" म्हणाला होता. कान तपासणारी बाई! लोकांच्या कानांवर सह्या करून देणारी! ते आठवून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"ही फेकून का नाही दिलीस?" तिने विचारलं.

"जमेना," दादा म्हणाला. "आता तुझी तू घेऊन जा. पाहिजे तर दोन्ही तुझ्याच आहेत."

तिने रेकॉर्ड पाकिटात सरकवली आणि पाकीट परत कपाटात ठेवलं. डबा पुढे ओढला. क्षमा मागावी असं मनात होतं, पण कशाकशाची, ते एका वाक्यात मावेना. त्या घड्याळवाल्याच्या फोनची, किल्लीची, उशीला टेकून विचारलेल्या त्या प्रश्नाची? ती म्हणाली, "रविवारी तू ये. मी नाही येणार." दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "जा की. माझी एक दुपार मोकळी जाईल."

रविवारी तो आला. चपला काढून दाराशीच थोडा वेळ रेंगाळला, झाडं वाढलीत म्हणाला, एका कुंडीतली माती बोटाने चाचपून बघितली. तारीख ती नव्हती, वर्षातून एकदाची. तिने रेकॉर्ड लावली. दोघं दोन खुर्च्यांवर बसून ऐकत राहिले. दादाने डोळे मिटले होते. तिने मिटले नाहीत, तिला त्याचा चेहरा बघायचा होता. सुरुवातीच्या सुरांशी, जे त्यांच्या टेपवर कधी नव्हते, त्याच्या भुवया किंचित वर गेल्या. केस किती पांढरे झालेत याची तिने मनाशी नोंद केली. बाजू संपली. सुई आतल्या रिकाम्या जागेत फिरत राहिली, खर्र, खर्र, आणि दोघंही उठेनात.

"उलट ना," ती म्हणाली.

"तूच उलट."

"नाही. तू."

दादा उठला. शर्टाच्या बाह्या त्याने कोपरापर्यंत दुमडल्या, एकेक घडी नीट बसवत, मोठ्या कामाला लागावं तसं. सुईचा दांडा उचलून बाजूला ठेवला. दोन्ही तळव्यांत कडा धरून त्याने रेकॉर्ड उचलली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण खुर्चीत पुढे सरकलोय, आपली नजर त्याच्या बोटांवर खिळलीय, आपण श्वास धरलाय. दादाच्याही ते लक्षात आलं होतं. तो वळला नाही, पण त्याची मान आखडली आणि रेकॉर्ड हवेत तशीच थांबली, आडवी. सगळं कळलं होतं, सगळं बोलून झालं होतं, आणि तरीही डोळे ऐकत नव्हते. कितीही सांगितलं तरी ते तिथेच जाणार होते.

ती उठली. "चहा ठेवते," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. दार लोटून घेतलं. भांडं हातात घेऊन ती ओट्याशी उभी राहिली. पलीकडे काय होतंय, रेकॉर्ड टेकली का, दांडा उचलला का, सुई कुठे आली, तिचे कान आपोआप भिंतीपलीकडे जायला लागले. तिने नळ सोडला. पाणी भांड्यात पडायला लागलं. मग तिने नळ आणखी सोडला, पूर्ण सोडला, भांडं भरून वाहायला लागलं, ओट्यावर, मनगटांवर शिंतोडे उडाले, आणि त्या आवाजात बाकी काही म्हणजे काही ऐकू येईना. ती तशीच उभी राहिली. दादाला जेवढा वेळ लागेल तेवढा.